गरम उचलायचं नाही

फोन आला तेव्हा मी नाशिकला मावसबहिणीकडे होते. शैलजाचा फोन. ती चार वाक्यं बोलली. "अम्मा गेली. आज सकाळी. घरीच. कॉफी केलेली होती." वृत्तपत्राच्या डेस्कवर मी अकरा वर्षं काढली आहेत. कोण, कधी, कुठे हे पहिल्या तीन वाक्यांत आलं होतं, बातमी तिथंच पूर्ण होत होती. चौथं वाक्य कुठल्याही उपसंपादकानं कापलं असतं. मी मात्र नेमकं तेच पुन्हा विचारून घेतलं. "केलेली होती म्हणजे... त्यांनी स्वतः?" शैलजा म्हणाली, "स्वतः. तोटीच्या भांड्यात आहे अजून." मग तिनं फोन ठेवला. या गोष्टीला पाच आठवडे झाले. हा मजकूर त्या चौथ्या वाक्याबद्दल आहे.

सरोजाक्का शितोळे म्हैसूरला चामराजपुरममध्ये राहत. वय अठ्ठ्याहत्तर. सासरच्या घराण्यातले पुरुष पूर्वी राजाच्या घोडदळात होते. त्यांपैकी एकाची तलवार हॉलमध्ये कॅलेंडरशेजारी टांगलेली असे आणि वर्षातून एकदा, खंडेनवमीला, खाली उतरे. अक्का स्वतः एका महिला कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं होत्या. प्रात्यक्षिकाचं सामान मांडून देणं, द्रावणं तयार करणं आणि मुलींवर ओरडणं, अशी त्या आपल्या कामाची यादी सांगत. यजमान वारल्यावर त्या घरात एकट्याच होत्या. एकुलती मुलगी शैलजा बंगळूरला, अकराव्या मजल्यावर. नवऱ्याच्या नोकरीमुळे मी नाशिक सोडून अक्कांच्या शेजारी आले त्याला पंधरा वर्षं झाली. आमच्या दोन स्वयंपाकघरांच्या मध्ये एक अरुंद बोळ आहे आणि समोरासमोर दोन खिडक्या. पहिल्याच सकाळी त्यांनी खिडकीच्या गजावर पळीनं तीनदा ठोकलं आणि हात लांब करून कॉफीचा पेला पुढे केला. मी म्हणाले, मी चहा घेते. "घे की. दिवसभर चहा घे," त्या म्हणाल्या. "सकाळ माझी हाय." माझं बोलणं ऐकून त्यांना हसू आलं. पेपरात छापल्यासारखं बोलतीस, म्हणाल्या. मी खरोखरच पेपरात होते हे कळल्यावर माझं नावच 'पेपर' पडलं, ते शेवटपर्यंत.

त्या घरची कॉफी पितळी फिल्टरमधली. एकावर एक बसणारी दोन भांडी, वरच्याच्या तळाला बारीक भोकं. वर पावडर घालून उकळतं पाणी ओतायचं, खाली थेंबथेंब डिकॉक्शन उतरतं, ते गरम दुधात घालायचं. पावडर बाजारातल्या एका गिरणीतून बारीक दळून आणलेली, तीन भाग कॉफी आणि एक भाग चिकोरी. चिकोरी म्हणजे भाजून दळलेलं मूळ. त्यानं डिकॉक्शनला रंग येतो आणि अंग येतं. हे प्रमाण अक्कांच्या सासूबाईंनी ठरवलं होतं आणि ते कुणी बदलल्याचं ऐकिवात नव्हतं. दोन नियम कडक होते. डिकॉक्शन रोज पहाटे ताजं उतरायचं आणि उतरलेलं डिकॉक्शन पुन्हा विस्तवावर ठेवायचं नाही.

चार वर्षांपूर्वी अक्कांचा उजवा हात थरथरू लागला. औषध सुरू झालं, थरथर कमी झाली पण गेली नाही. पेन धरता येईना, सुईत दोरा जाईना. या तक्रारी त्या हसत सांगत. मग एका सकाळी फिल्टरचं वरचं भांडं खालच्यात घट्ट बसलं. पितळ तापलं की ते असं बसतं. अक्कांनी जोर लावून ओढलं, हात हिसकला आणि वरचं गरम पाणी मनगटावर आलं. शैलजा त्याच दिवशी बंगळूरहून निघाली आणि दुपारी दारात उभी राहिली. मी तिथंच होते.

"अम्मा, साकु. पुरे झालं आता. माझ्याकडे चल. मशीन आहे, बटण दाबलं की कॉफी."

"बटण दाबून लिफ्ट येतीय. कॉफी न्हाई."

"हात भाजलाय तुझा."

"मनगट भाजलंय. मी शाबूत हाय."

"उद्या अंगावर सांडलं तर कोण बघणार इथं?"

"आणि तिथं कोण बघणार? तू ऑफिसात. अकराव्या मजल्यावर पिंडाला कावळा बी येत न्हाई गं."

शैलजाला हसू आलं नाही. तिचं म्हणणं सरळ होतं आणि खरं सांगायचं तर बरोबरही होतं. ज्या बाईला स्वतःची कॉफी सुरक्षितपणे करता येत नाही तिनं एकटं राहू नये. अक्कांनी ते वाक्य जसंच्या तसं उचललं आणि उलटं केलं. करता आली तर राहू द्यायचं. "एक मंडल दे मला," त्या म्हणाल्या. मंडल म्हणजे अठ्ठेचाळीस दिवस. इकडे औषध असो की नेम, मंडलाच्या मापानं धरतात. अठ्ठेचाळीस सकाळी अक्कांनी आपल्या हातानं कॉफी करायची. एकदा जरी भाजलं तर बॅग भरायची. रोजची नोंद ठेवायची. "तू लिहिलेलं मी मानणार नाही," शैलजा म्हणाली आणि माझ्याकडे वळली. "मेघाक्का लिहू देत. त्यांना खोटं लिहायची सवय नाही."

"पेपरवालीला?" अक्का म्हणाल्या, आणि त्यांना हसू आवरेना.

संक्रांत होऊन गेली होती. दुसऱ्या दिवशी सहाला खिडकीच्या गजावर तीन ठोके पडले. कॉलेजातली उरलेली एक रेघी वही अक्कांनी काढून ठेवली होती. रकाने त्यांनी सांगितले, मी आखले. दिवस, साधन, पावडर, पाणी, वेळ, सांडलं, भाजलं, शेरा. त्या सकाळी मी त्यांना जशा पाहिल्या तशा आधी कधी पाहिल्या नव्हत्या. केस चापून बसवलेले, पदर खोचलेला, गळ्यात दोऱ्यानं अडकवलेला चष्मा. राहत्या घराचा निकाल लागायचा होता आणि बाई प्रात्यक्षिकाच्या परीक्षेला निघाल्यासारख्या खुशीत होत्या.

पहिले पाच दिवस पितळी फिल्टरला दिले. तो तर आरोपी, मी म्हणाले. "आरोपीला बोलू तर दे," अक्का म्हणाल्या. त्यांनी सांध्याला तूप लावून पाहिलं, फडकं गुंडाळून पाहिलं, भांडं निवेपर्यंत थांबून पाहिलं. निवल्यावर ते सहज सुटे, पण तोवर डिकॉक्शन गार झालेलं असे आणि पुन्हा तापवायची सोय नव्हती. पाचव्या दिवशी शेऱ्यात त्यांनी लिहवून घेतलं, "निर्दोष नाही."

मग आम्ही माझ्या फोनवरून एकेक साधन मागवायला लागलो. चिनी मातीचं शंकूसारखं भांडं आलं. त्यात कागदाचं गाळणं बसवायचं, पावडर घालायची आणि लांब चोचीच्या किटलीनं पाणी सोडायचं. भरलेली किटली अक्कांना पेलेना म्हणून ती अर्धी भरली. पाणी पडलं आणि वरच थांबलं. आम्ही दोघी ओट्याला टेकून कपात बघत उभ्या. एक थेंब. मग बराच वेळ काही नाही. मग दुसरा. चाळीस मिनिटांनी पाऊण वाटी उतरलं, तेही गार. "सलाइन लावलंय कुणाला तरी," अक्का म्हणाल्या. नंतर काचेचं उभं भांडं आलं, त्यात कॉफी मुरवायची आणि वरून जाळीचा दट्ट्या दाबायचा. दट्ट्या निम्म्यावर अडकला. अक्कांनी दोन्ही तळवे ठेवून अंगाचा भार टाकला. बाजूनं कॉफीची एक चिळकांडी उडाली आणि थेट दाराबाहेर हॉलच्या भिंतीवर, कॅलेंडरवर गेली. तलवार चार बोटांनी वाचली. अक्का साधनाच्या मागे उभ्या असल्यानं त्यांच्या अंगावर काही आलं नाही. मी "सांडलं" या रकान्यात "भिंतीवर" असं लिहिलं. पंधराव्या दिवशी गॅसवर ठेवायचं इटालियन भांडं. यात खालचं पाणी वाफेच्या दाबानं पावडरीतून वर चढतं. ते चढलं नाही. भांडं फुसफुसू लागलं, मग शिटीसारखा आवाज काढू लागलं. मी गॅस बंद केला आणि आम्ही दोघी पायरीवर जाऊन बसलो. "तोफ हाय ती," अक्का म्हणाल्या. "आमच्या लोकांनी घोडे सांभाळले. तोफा न्हाईत." रोज काही तरी फसत होतं आणि रोज दुसऱ्या दिवशी पावणेसहालाच ठोके पडत होते.

सोळाव्या दिवशी शैलजानं फोनवर व्हिडिओ लावून हे सगळं पाहिलं. ओट्यावर एका रांगेत मांडलेली साधनं पाहिली, पावडरीचा डबा पाहिला. "अम्मा, सगळ्यांत हीच पावडर घातलीस?"

"हीच. मग? एका वेळी एकच गोष्ट बदलायची."

"ह्यात चिकोरी आहे. इतकी बारीक. कागदातून ही कशी जाणार? जाळीत अडकणारच ना."

अक्कांनी डबा जवळ ओढून आत पाहिलं. प्रयोगशाळेचा नियम अक्कांनी काटेकोर पाळला होता, पण बदलता येण्यासारख्या गोष्टींची यादी करताना सासूबाईंची पावडर त्या यादीत आलीच नव्हती. देवघराची दिशा जशी यादीत येत नाही, तशी. आणि मी, जिचं काम प्रश्न विचारणं, मलाही तो प्रश्न पडला नव्हता. तीन साधनांना आम्ही न केलेल्या गुन्ह्याची शिक्षा दिली होती. अक्का म्हणाल्या, "पेपर, लिव. चूक माझी. शैलूनं काढली." मुलीनं चूक काढली याचा त्यांना झालेला आनंद मी शेऱ्यात लिहिला नाही. ती नोंद इथे करते.

शैलजानं बंगळूरहून चिकोरी नसलेली, रवाळ दळलेली पावडर पाठवली. विसाव्या दिवशी ती आली आणि सगळी साधनं एकदम शहाण्यासारखी वागू लागली. काचेच्या भांड्याचा दट्ट्या लोण्यात सुरी जावी तसा खाली गेला. अक्का त्यावर फक्त तळवा टेकवत, थरथरीचा काही संबंधच येत नसे. पाच दिवस सलग, सांडलं शून्य, भाजलं शून्य. माझ्या दृष्टीनं निकाल लागला होता. घर राहिलं होतं. पंचविसाव्या दिवशी अक्का पायरीवर बसून ती कॉफी हळूहळू प्यायल्या. पेला खाली ठेवला.

"चांगली हाय," त्या म्हणाल्या. "पण ही कुणाच्या घरची हाय?"

"अक्का, तेवीस दिवस राहिलेत. जमलंय ते मोडू नका."

"मी कॉफीसाठी ह्या घरात राहतेय. दुसऱ्याची कॉफी प्यायची असेल तर बंगळूरला काय वाईट हाय?"

 पावडर साधनाला जुळवून घेणार नसेल तर साधनानं पावडरीला जुळवून घ्यावं, एवढंच त्यांचं म्हणणं. त्यांना माहेरची रीत आठवली. माहेर सोसले गावचं, टी. नरसीपूरजवळचं. त्यांच्या लहानपणी तिथं फिल्टर नव्हता. आई पातेल्यात पाणी उकळून त्यात पावडर टाकी, झाकण ठेवी आणि मग स्वच्छ फडक्यातून गाळून घेई. फडक्याला चिकोरीचं काही वाटत नाही. सव्विसाव्या दिवशी त्यांनी तसं केलं आणि त्या कॉफीचा वास बोळ ओलांडून माझ्या स्वयंपाकघरात आला. मी चहा उकळत ठेवला होता, तो बंद केला. सत्ताविसावा दिवस, अठ्ठाविसावा दिवस. मी शेऱ्यात एकच शब्द लिहिला होता, "हीच."

एकोणतिसाव्या दिवशी गाळताना त्यांचा हात हिसकला. पातेलं पूर्ण उलटलं नाही, पण त्यातली उकळती कॉफी डाव्या पावलावर पडली. मी बादली आणली, पाय गार पाण्यात ठेवला. अक्का ओरडल्या नाहीत. ओठ दाबून बसल्या, मग पाय वळवून बघितला. वही ओट्यावर उघडी होती. "भाजलं" या रकान्यात अठ्ठावीस शून्यं एकाखाली एक उभी होती. पेन्सिल माझ्या हातात होती आणि मी लिहीत नव्हते.

"लिव," अक्का म्हणाल्या.

"थोडंसंच आहे, अक्का."

"थोडं म्हणजे किती? माप घे, मग लिव."

मी लिहिलं. डावं पाऊल, अंगठ्यामागे, दोन बोटं रुंद. साधन पातेलं आणि फडकं. कारण, गरम पातेलं उचलून ओतताना हात हिसकला. त्यांनी वही मागून घेतली, चष्मा लावून वाचली आणि परत दिली. नंतर फोनही त्यांनीच लावला. शैलजा रागावली, आणि ते साहजिक होतं. हातात सुरक्षित पद्धत असताना आईनं ती सोडली होती. तिनं सांगितलं, अठ्ठेचाळिसाव्या दिवशी गाडी घेऊन येते, तयार राहा. "हरले मी," अक्का म्हणाल्या. "पण प्रयोग अर्धा टाकायचा न्हाई. वही पुरी करणार."

दोन दिवस शैलजाची पावडर आणि काचेचं भांडं. पायाला पट्टी असल्यानं अक्कांना उभं राहता येत नव्हतं. मी ओट्याजवळ त्यांना एक उंच स्टूल दिलं. एकतिसाव्या सकाळी त्या तिथं बसून मागच्या उघड्या दारातून परसाकडे बघत होत्या. तिथं मल्लिगेच्या, म्हणजे मोगऱ्याच्या, कुंडीत वेलाला आधार म्हणून एक लोखंडी दांडा उभा होता. त्याला जड चौकोनी तळ आणि गंजलेला स्क्रू. निवृत्तीच्या दिवशी कॉलेजनं शाल आणि घड्याळ देऊ केलं तेव्हा अक्कांनी घड्याळ नको म्हणून प्रयोगशाळेतला एक जुना स्टँड मागून घेतला होता. चंचुपात्र, नळी, काहीही ज्याच्या रिंगमध्ये ठेवून खाली दिवा लावता येतो, तो स्टँड. घरी आणल्यावर त्याचं काय करावं हे कुणालाच कळलं नव्हतं म्हणून तो वेलाखाली गेला होता. अक्का बघत राहिल्या... मग अगदी हळू म्हणाल्या, "एकतीस वर्षं मुलींना काय ओरडत होते मी? गरम उचलायचं न्हाई. गरम हाय तिथं राहू दे, तू हाताला जरा अक्कल दे. आणि घरात येऊन मी काय करतेय? उचलतेय."

त्यानंतरचे चोवीस तास फार धावपळीचे गेले. वेल सोडवून भिंतीवरच्या खिळ्याला बांधला. स्टँड घासला, गंजलेल्या स्क्रूला खोबरेल पाजलं. रिंग माळ्यावर जुन्या ट्रंकेत सापडली. अक्का स्टुलावरून हुकूम सोडत होत्या आणि मी चढत-उतरत होते. बत्तिसाव्या दिवशी सहा वाजता मांडणी तयार होती. शेगडीला लागून ओट्यावर स्टँड. रिंगला बांधलेली स्वच्छ मलमल, मध्ये खोलगट, त्यात सासूबाईंच्या प्रमाणाची पावडर. रिंगखाली लहान स्टीलचं, तळाजवळ नळासारखी तोटी असलेलं भांडं, रामनवमीला ज्यातून त्या गल्लीला गुळाचं पानक वाटत. शेगडीवर रुंद पातेल्यात पाणी. ते उकळलं की गॅस बंद, पातेलं जागचं हलवायचं नाही. पळीनं पाणी घ्यायचं, एक वीत बाजूला न्यायचं आणि मलमलीवर सोडायचं. पळीपळीनं. दूधही तसंच पळीनं. डिकॉक्शन तोटीतून पेल्यात. गरम काहीही उचलायचं नाही. रिंगची उंची बसलेल्या बाईच्या हाताला येईल अशी ठरली आणि ती हलू नये म्हणून अक्कांनी दांड्यावर शैलजाच्या जुन्या लाल नेलपॉलिशनं रेघ मारायला लावली.

पहिली पळी थरथरत गेली. पाणी मलमलीवर इकडे पडलं, तिकडे पडलं, कडेला पडलं, पण मलमल रुंद होती आणि सगळं तिच्यातच पडलं. पळी लहान, हिसकली तरी चार थेंब ओट्यावर. पावडर सगळीकडून सारखी भिजली, फुगली, आणि खालच्या भांड्यात बारीक धार सुरू झाल्याचा आवाज आला. अक्कांनी हात वर करून मला गप्प राहायची खूण केली, मी काही बोलत नव्हते तरी. ती धार आम्ही ऐकत बसलो. "उतरतंय," त्या म्हणाल्या. "पेपर, उतरतंय गं." चव घेतल्यावर त्यांनी पेला कपाळाला टेकवला. मधे एकदा त्यांनी मला करायला लावलं. माझं डिकॉक्शन पातळ उतरलं. "तुझा हात लई शाणा," त्या म्हणाल्या. "एकाच जागी पाणी सोडतीस. पावडरीत विहीर पाडलीस बघ, सगळं पाणी त्यातनंच पळालं." मी वाकून पाहिलं. मधोमध खरंच एक खड्डा होता.

शैलजा सत्तेचाळिसाव्या दिवशी संध्याकाळी आली. गाडी दारात लावली, कपाटावरची बॅग काढून हॉलमध्ये ठेवली. सकाळी ती स्वयंपाकघराच्या चौकटीत हाताची घडी घालून उभी राहिली. अक्कांनी तिच्याकडे पाहिलं नाही. पाणी, गॅस बंद, पळी. शैलजा पळीकडे नाही, आईच्या पायांकडे बघत होती असं मला दिसलं. दोन पेले भरले. शैलजानं एक घेतला, एक घोट प्यायली आणि वही मागितली. पहिल्या पानापासून वाचली. "भिंतीवर" या नोंदीपाशी हसली. एकोणतिसाव्या दिवसापाशी थांबली.

"हे तुला लपवता आलं असतं."

"आलं असतं."

"मग?"

"लपवलं असतं तर पुढचे एकोणीस दिवस तू मानले असतेस काय?"

शैलजानं वही मिटली. पेला संपवला. मग उठून हॉलमध्ये गेली आणि बॅग पुन्हा कपाटावर ठेवल्याचा आवाज आला. दुपारी ती एकटी परत गेली. जाताना अर्धा किलो पावडर घेऊन गेली, चिकोरीची.

त्या वर्षी खंडेनवमीला तलवार खाली उतरली तेव्हा शेजारी पाटावर तो स्टँडही होता. हळद, कुंकू, शेवंतीचं फूल. मी बघत राहिले तेव्हा अक्का म्हणाल्या, "तलवारीनं शंभर वर्षांत काय केलंय? हा रोज लढतोय." नंतरच्या दोन्ही नवम्यांनाही तो तिथं होता. वही बंद झाली होती, पण सकाळचे तीन ठोके चालू राहिले. पुढे हाताची थरथर वाढली. पळ्या वाढल्या, वेळ वाढला. त्या घरात पुन्हा कुणी भाजलं नाही. ही माहिती मी शैलजाकडून तपासून घेतली आहे.

अक्का गेल्या त्या सकाळी फूलवाली साडेसातला आली तेव्हा त्या पायरीवरच्या खुर्चीत होत्या. पेला अर्धा. डॉक्टरांनी हृदय थांबल्याचं सांगितलं. शैलजा अकराला पोहोचली. शेजाऱ्यांनी थर्मासमधून कॉफी आणली होती. ती न घेता शैलजा आत गेली, तोटीखाली पेला धरला आणि गार झालेलं डिकॉक्शन दुधाशिवाय प्यायली. अस्थी टी. नरसीपूरला संगमावर सोडल्या. दहाव्याला पिंड ठेवल्याबरोबर कावळा आला. मी परतले होते, तिथंच होते. शैलजा माझ्याकडे बघून हलकेच म्हणाली, "अकरावा मजला..." आणि आम्ही दोघींनी तोंडाला पदर-ओढणी लावली.

गेल्या रविवारी ती पुन्हा आली. यंदा घरात सण नाही, त्यामुळे तलवार भिंतीवरच राहणार. स्टँड ओट्यावर होता तिथंच आहे. स्क्रूच्या आट्यांत गेल्या नवमीचं कुंकू सुकून बसलंय, रिंग लाल रेघेवर आहे. शैलजानं नवी मलमल बांधली, पावडर घातली, पाणी उकळून गॅस बंद केला आणि उभ्यानं पहिली पळी सोडली. ती उंचीनं आईपेक्षा बरीच जास्त, वाकावं लागलं. मग तिनं स्टूल ओढलं. बसली. तिचा हात स्थिर आहे, पन्नाशीतल्या निरोगी बाईचा. पाणी नेमकं मध्यभागी पडलं आणि पावडरीत खड्डा पडू लागला. खालची धार पातळ, फिकट वाजली.

तिनं पळी थांबवली, खड्ड्याकडे पाहिलं. दुसरी पळी भरली, एक वीत बाजूला नेली आणि मलमलीवर आल्यावर हात मुद्दाम हलवायला लागली, थोडा डावीकडे, थोडा उजवीकडे, थरथर... पाणी इकडे पडलं, तिकडे पडलं, कडेला पडलं. पावडर सगळीकडून भिजली, फुगली. मी काही बोलणार तोच तिनं हात वर करून मला गप्प राहायची खूण केली.